उलथन्यावरचे दात

माझ्या उलथन्याच्या दांड्यावर दातांचे व्रण आहेत. चार वरचे, चार खालचे. घरी आलेल्या बायका ते बघतात, मग माझ्याकडं बघतात, आणि विचारायचं मनातच ठेवतात. म्हणून आधीच सांगून टाकते, ते दात माझे नव्हेत. आमच्या मधू भावजींचे आहेत.

मधू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. चौक गावात, जुन्या हायवेला लागून आमचं घर, घरामागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये त्यांची गाडी. रोज सकाळी सातला ते मागच्या दारानं येतात, ओट्यावरचं उलथनं उचलतात, "नेतो वैनी" म्हणतात आणि जातात. मी हो म्हणायच्या आत गेलेले असतात. मग गाडी चालू करायची, उलथन्याचं पातं इंजिनावर टेकवायचं, लाकडी दांडा दातांत धरायचा आणि डोळे मिटून वाकून उभं राहायचं. पाच-पाच मिनिटं. लांबून बघणाऱ्याला वाटेल, इंजिन माणसाला भरवतंय.

आता, मिस्त्री लोक स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात हे मी हायवेवरच्या गॅरेजांत जन्मभर बघितलंय. म्हणून एकदा विचारलं, "भावजी, कानाला का नाय लावत? माझं उलथनं कशाला उष्टं करता?"

"वैनी, कान म्हंजे मधला दलाल. दातांतनं आवाज सरळ डोक्यात जातो."

मी दुसरं उलथनं घेतलं. तर त्यांना ते आवडेना, दांडा प्लास्टिकचा होता. शेवटी ते मी घेतलं आणि जुनं त्यांना दिलं. तरी ठेवायची जागा मात्र माझा ओटाच. रोज सकाळी येऊन न्यायचं आणि पुसून परत आणून ठेवायचं.

गाडी काही नवी नाही. जुनी, छोटी, घरात चार माणसं असली की घेतात तसली पेट्रोलची. रंग आमसुलासारखा. पण साजगावच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर भावजींनी तिच्या आतलं एकूण एक बदललं. टर्बो नावाचा एक पंखा बसवला. तो म्हणे इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग गाडी अंगात आल्यासारखी पळते. मागची सीट काढली. मी म्हटलं, "आवो, मग माणसं कुठं बसायची?" तर म्हणाले, "माणसं येस्टीनं येतील."

लग्न केलं नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, "आवाज जुळला नाय." तरुणपणी तीन मुली बघितल्या होत्या, तेव्हाही हेच म्हणाले होते आणि सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर एकतीस वर्षं काढली, तिथंही त्यांचं नाव होतं. मशीन बिघडायच्या आधी दोन दिवस सांगायचे, "हिचा आवाज बदललाय." इंजिनियर हसायचे आणि दोन दिवसांनी पाने घेऊन पळायचे. तेव्हापासूनचं त्यांचं घोषवाक्य, "कानानं बघावं."

आणि या कानानं बघण्यात मी कशी सापडले ते सांगते.

रिटायर झाल्यावर वर्षभरात त्यांनी मला शेडमध्ये बोलवायला सुरुवात केली. उलथनं दातांत धरून झालं की हाक यायची. मी पिठाच्या हातानं जायची.

"वैनी, आयका. कसा आवाज हाय?"

"गाडीसारखा."

"तसा नाय. तुमच्या सैपाकातला सांगा."

आता मला कंटाळा आला असेल म्हणा किंवा मजा वाटली असेल म्हणा, मी सांगत गेले. डाळ रटरटतेय. लाह्या फुटतायत. जातं ओढतंय. भावजी मान डोलवत पाना उचलायचे. हळूहळू त्यांनी शेडच्या पत्र्यावर खडूनं यादीच केली. 'डाळ – बरी. लाह्या – प्लग. जातं – बेरिंग. फोडणी – हवा गळते.' वाडीवरनं करवंदं घेऊन येणाऱ्या बाईलाही एकदा त्यांनी गाडीपुढं उभं केलं होतं. ती म्हणाली, "मदमाश्या उठल्यात." भावजी तासभर विचार करत बसले, यादीत मधमाश्या नव्हत्या.

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "तुमी दोघं मिळून गाडीची आमटी करणार."

एक मात्र खरं, मला भावजींचा राग यायचा. मागून हाक मारली तर ओ देत नसत. कुकरवर लक्ष ठेवा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, असं सांगून मी दुकानात गेले, तर येईपर्यंत डाळीचा कोळसा आणि भावजी कुकरशेजारी स्टुलावर बसून प्लग पुसतायत. मी म्हटलं, "शिट्ट्या आयकू आल्या नाय का?" तर म्हणाले, "कुकर बिघडलाय तुमचा." माझा धडधाकट कुकर! मला वाटायचं, चार लोकांनी कानाचं कौतुक केलं, तेव्हापासून बारक्या-सारक्या आवाजांकडं लक्ष द्यायचं यांनी सोडलंय.

तर या वर्षी त्यांच्या डोक्यात डायनो आला.

डायनो म्हणजे काय, ते मला कळलं तसं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या यांना डॉक्टरनं छातीला वायरी लावून पट्ट्यावर पळवलं होतं, जागच्या जागी. तसं गाडीला पळवतात. चाकांखाली लोखंडाची जाडजूड लाटणी असतात, गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधून टाकतात आणि पुरती ताणून पळवतात. गाडी तिथल्या तिथं, लाटणी फिरतात. इंजिनात दम किती, ते कॉम्प्युटरवर रेघ काढून दिसतं. मग तो ट्यूनर लॅपटॉप लावून पेट्रोल किती, हवा किती, सगळं जुळवून देतो. असं मशीन पनवेलच्या पलीकडं एका शेडमध्ये होतं. तिथला नंबर लागायला भावजींना तीन महिने लागले, आणि वेळ मिळाली सकाळी नऊ ते दहा. एक तास. चुकला तर पुढचा नंबर पावसाळ्यानंतर.

"एवढी घाई कसली?" मी विचारलं. "पावसाळ्यानंतर जा की."

"औंदाच करायला हवा, वैनी. कागदावर घ्यायला हवा एकदा."

मी पुढं विचारलं नाही. माझी पापडांची गडबड चालू होती.

ट्यूनरनं फोनवर यादी पाठवली होती. ऑइल नवं हवं, प्लग नवे हवेत, पेट्रोलची टाकी भरलेली, पाणी भरलेलं, पट्टे धड, बॅटरी धड, कुठं गळती नको, चारी टायरांत सारखी हवा आणि टायरांच्या खाचांत खडा नको. पेट्रोल एकाच पंपावरचं हवं, म्हणून भावजी आठवडाभर त्याच पंपावर जाऊन नळी नाकाला लावायला मागायचे. शेवटी पंपावरच्या माणसानं आमच्या घरी फोन केला. एअर फिल्टर नवा बसवल्यावर तर शेडच्या वाऱ्याला मिरचीची फोडणी बंद. मी म्हटलं, "गाडीला ठसका लागतो का काय?" ते गंभीरपणे म्हणाले, "तुमाला लागतो, मंग तिला का लागू नये?"

खड्यांचं काम माझ्याकडं आलं. टायर लाटण्यांवर जोरात फिरायला लागला की खाचेतला खडा बंदुकीसारखा सुटतो म्हणे. गाडी जॅकवर घेऊन, खाली लाकडी ठोकळे लावून ठेवली होती. मी पाटावर बसले आणि केसातल्या आकड्यानं एकेक खडा काढून वाटीत टाकत गेले. हे उभे राहून बघत होते. म्हणाले, "तांदळातला एक खडा हिला कधी सापडला नाय. गाडीचे बरे सापडतात."

"गाडी काय जेवताना तोंड वाकडं करत नाय," मी म्हटलं.

गळती बघायला भावजींनी इंजिनाच्या नळ्यांत पंपानं हवा भरली आणि वरून रिठ्याचा फेस लावला. बाजारातला साबण त्यांना चालत नाही, रबर खातो म्हणे. कुठं बुडबुडा आला नाही. प्रत्येक क्लिप त्यांनी तीन-तीनदा आवळली. हे मी स्वतः बघितलंय. पुढं कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

मग आला रविवार. मंगळवारी डायनो होता. रविवारी सकाळी भावजी म्हणाले, "वैनी, एक चक्कर मारू. कर्जत रोडला चढावर दाबतो, तुमी फकस्त आवाज सांगा."

माझी तांदळाच्या पापडांची उकड तयार होती. आळीतल्या चार बायका लाटायला येणार होत्या. उकड गार झाली की पापडाला चिरा पडतात, सगळे तांदूळ फुकट. मी म्हटलं, दहा मिनिटांत आणणार असाल तर येते. चढावर भावजींनी गाडी अशी दाबली की माझी पाठ सीटला चिकटली. डाळ रटरटत होती, छान एकसारखी. आणि मग वर चढता-चढता, अगदी बारीक, कुठंतरी तेल तापून मोहरी पडावी तसा सूंऽऽ आवाज.

चढ संपला तसा तोही संपला. भावजींनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "कसा?"

फोडणी म्हटलं असतं तर त्यांनी तिथंच बॉनेट उघडलं असतं. मला माझी उकड दिसत होती.

"डाळ," मी म्हटलं. "एक नंबर डाळ. चला आता."

भावजी असे काही हसले! मला घरी सोडताना त्यांनी हॉर्न वाजवला. पापड सुरेख झाले. एकालाही चीर नाही.

मंगळवारी सकाळी मी गाडीला झेंडूचा हार घातला आणि पुढच्या सीटवर बसले. नेमकी मी कशाला, असं आमच्या यांनी विचारलं. भावजी म्हणाले, "वैनी लागतील." उलथनं फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

त्या शेडमधला ट्यूनर जाड चष्म्याचा, तिशीतला, शांत माणूस. त्यानं पहिल्यांदा हार काढला. म्हणाला, "आजी, समोर पंखा लावतो, पाकळ्या रेडिएटरमध्ये जातील." मग टायर बघितले आणि म्हणाला, "काका, इतके साफ टायर माझ्याकडं आजवर आले नाहीत." मला वाटलं, आमचे हे बरोबर असते तर बरं झालं असतं.

गाडी बांधली. आम्हाला कानात घालायला बोळे दिले. भावजींनी घेतले नाहीत. मीही बोळे हातात ठेवून पदरानं कान दाबले. गाडी पळायला लागली. पत्रे थरथरले. कॉम्प्युटरवर रेघ चढायला लागली, चढली, चढली आणि मधेच बसली. आणि माझ्या पदरातूनसुद्धा मला ऐकू आलं. सूंऽऽ. रविवारचीच फोडणी, पण आता लग्नाच्या जेवणाला घालावी तेवढी मोठी.

ट्यूनरनं गाडी बंद केली. म्हणाला, "काका, हवा जातेय. दाब टिकत नाहीये. असं ट्यूनिंग नाही करता येणार." मग घड्याळ बघितलं. "सापडली तर ठीक, नाहीतर पुढच्या नंबराला या. पण काका, एवढा मोठा आवाज येतोय, तुम्हाला घरी ऐकू नाही आला?"

भावजींनी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. रस्त्यात चष्मा पडला की माणूस जसा समोरच्याकडं बघतो, तसं.

तेव्हा माझ्या डोक्यात कुकर वाजला. तीन शिट्ट्या. मग मागून मारलेल्या हाका, दातांतलं उलथनं, आणि दर वेळी विचारताना माझ्या तोंडाकडं लागलेले ते डोळे. एवढे दिवस मला वाटत होतं, भावजी माझी गंमत करतायत.

"माझीच चूक," भावजी ट्यूनरला म्हणाले. "क्लिप आवळायची ऱ्हायली."

तीन-तीनदा आवळलेली क्लिप.

"नाय दादा," मी म्हटलं. "आवाज मी आयकला होता. रविवारी. मी सांगितला नाय."

ट्यूनर चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिला. "तुम्ही कशाला सांगायचा, आजी?"

मी पदर खोचला आणि म्हटलं, "गाडी गरम हाय तोवर आत हवा भरा. भावजींनी गार असताना बघितली होती."

इंजिन बंद ठेवून त्यानं नळ्यांत हवा भरली आणि मोठा पंखा थांबवला. मी बॉनेटमध्ये वाकले. गरम वाफारा चुलीसारखा तोंडावर येत होता. उजवीकडं काही नाही. डावीकडं काही नाही. खाली, टर्बोकडून येणाऱ्या रबरी नळीच्या पोटात, बारीक मोहरी तडतडत होती. मी उलथन्यानं जागा दाखवली. ट्यूनरनं साबणाचं पाणी मारलं आणि फेस असा फुलला की भावजी एक पाऊल मागं सरकले. नळीला उभी चीर होती, नखाएवढी. थंड असताना मिटलेली, गरम झाली की उघडणारी. माझ्या पापडांना नव्हती ती.

ट्यूनरकडं त्या मापाची नळी निघाली. भावजींनी स्वतः बसवली. दहाला वीस मिनिटं होती.

गाडी पुन्हा पळाली. या वेळी ट्यूनर लॅपटॉपवर, आणि भावजी शेडच्या लोखंडी खांबाला पंजा लावून उभे. कॉम्प्युटरवर रेघ चढत होती. त्यांनी तिकडं पाठ केली होती. ते माझ्याकडं बघत होते. त्या गदारोळात बोलून काय उपयोग? मग मी हातांनी सांगायला लागले. आधी डाळ, पळीनं ढवळून दाखवली. मग वेग वाढला तसं ताक घुसळलं. मग जोरात पाट्यावर वाटलं. मग दोन्ही हात पसरून सांगितलं, फोडणी नाही. कुठंच नाही. भावजी खांबाला हात लावून मान डोलवत होते, बरोबर ठेक्यात. काचेपलीकडं पुढच्या नंबरची माणसं उभी होती, ती काय म्हणाली असतील ती असोत.

परत येताना जुन्या हायवेला एका टपरीवर चहाला थांबलो. भावजी कपात बघत म्हणाले, "डावा कान प्रेसनं खाल्ला, वैनी. उजवा जाड आवाज देतो अजून. बारीक सगळे गेले."

मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. उठून, त्यांना तोंड दिसेल अशी समोर जाऊन बसले.

"घरात सांगायचं होतं की."

"काय सांगणार? कानानं बघावं म्हणायचो ना मी."

मग दोघांनी बिस्किटं खाल्ली. रविवारचं त्यांनी काही काढलं नाही. मीच म्हटलं, "उकड गार झाली असती, म्हणून डाळ बोलले." ते म्हणाले, "पापड कसे झाले?" म्हटलं, चांगले झाले. तर म्हणाले, "मंग ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भावजी मागच्या दारानं आले. उलथन्याला हात लावला नाही. ट्यूनरनं दिलेला रेघांचा कागद ओट्यावर पालथा ठेवला, खिशातलं पेन ठेवलं.

"लिवा, वैनी."

"काय लिहू?"

"कालचा आवाज. पयल्यापासनं."

माझं शिक्षण सातवी. तरी पोळ्यांचा तवा उतरवून लिहायला बसले. डाळ लिहिली, ताक लिहिलं, पाटा लिहिला. शेवटी लिहिलं, 'सगळ्यात वर गेल्यावर आवाज एक झाला. दूध उतू जायच्या आधी गप होतं, तसं वाटलं. फोडणी अजिबात नाही.' भावजींनी उभ्यानं दोनदा वाचलं. शेवटची ओळ बोटानं परत वाचली. घडी केली आणि मग उलथनं घेऊन गेले.

तो कागद आता शेडच्या पत्र्यावर, खडूच्या यादीशेजारी चिकटवलेला आहे. गाड्यांच्या नादाची माणसं लांबून येतात आणि विचारतात, "काका, डायनोवर पॉवर किती निघाली?" भावजी कागदाकडं बोट दाखवतात. माणसं जवळ जाऊन वाचतात, डाळ, ताक, पाटा, दूध, आणि एकमेकांकडं बघतात. रेघा आणि आकडे पत्र्याच्या बाजूला आहेत. ते बघायला अजून कुणी कागद सोडवलेला नाही. भावजी सोडवू देत नाहीत.